झाडपाला, खिन्न मन आणि सर्पगंधेचा धडा

झाडपाल्याच्या औषधाने आला तर गुणच येतो, अपाय काही होत नाही, ही समजूत महाराष्ट्रात खोलवर रुजलेली आहे आणि सर्दी-पडशापुरती ती फारशी नडतही नाही. परंतु खिन्नता आणि चिंता यांसारख्या मनाच्या आजारांवर जेव्हा अश्वगंधेच्या गोळ्या, ब्राह्मीचा रस किंवा जटामांसीचा काढा सुचवला जातो, तेव्हा ही समजूत कसोटीला लावून पाहावी लागते. वनस्पतींचा मनावर परिणाम होतो की नाही, हा प्रश्न आता वादाचा राहिलेला नाही. तो होतो, आणि विसाव्या शतकात त्याकडे जगाचे लक्ष वेधण्यात मुंबईच्या एका डॉक्टरचा मोठा वाटा होता. मात्र त्याच इतिहासाने हेही शिकवले की, जी वनस्पती मनावर खरोखर परिणाम करते ती निरुपद्रवी असू शकत नाही. तिलाही मात्रा असते, पथ्य असते आणि अपायही असतो.

वसईच्या हरित पट्ट्यातील गिरीजसारख्या गावाच्या संदर्भात हा विषय अधिक जवळचा ठरतो. हिराडोंगरीच्या परिसरातील या गावाची आणि आजूबाजूच्या गावांची ओळख पिढ्यान्‌पिढ्या वाड्यांची, म्हणजे केळी, पानवेल, फुले आणि भाजीपाला यांची राहिली आहे. तुळस, गवती चहा, अडुळसा, गुळवेल ही परसातली औषधे अशा ठिकाणी हाताशी असतात, तर मानसोपचारतज्ज्ञ दूर असतो. १९०१ मध्ये सुरू झालेले ठाण्याचे मनोरुग्णालय हे या भागाचे पिढ्यान्‌पिढ्यांचे सरकारी मनोरुग्णालय, आणि ‘ठाण्याला नेणे’ या शब्दांना जो कलंक चिकटला, त्याचे ओझे २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला तरी उतरलेले नाही. अशा वेळी काढ्याची वाटी सोयीची वाटते, कारण ती घरातल्या घरात घेता येते आणि तिच्यामुळे कोणी रुग्णाला ‘डोक्याचा पेशंट’ म्हणत नाही.

आजार आणि उदासी यांतील सीमारेषा

उपाय निवडण्याआधी आजार ओळखणे आवश्यक असते, कारण प्रत्येक उदासी हा आजार नसतो. वैद्यकशास्त्रात नैराश्य किंवा अवसाद हा शब्द ज्या अवस्थेसाठी वापरला जातो, तिच्यात किमान दोन आठवडे, दिवसाचा बहुतांश काळ, मन खिन्न राहते किंवा कशातच रस वाटेनासा होतो, आणि त्याच्या जोडीला झोप, भूक, एकाग्रता व उत्साह बिघडणे, स्वतःला नालायक समजणे, मरणाचे विचार येणे यांपैकी काही लक्षणे दिसतात. चिंताविकारात मुख्य भाग सततच्या, आवरता न येणाऱ्या काळजीचा असतो आणि छातीतली धडधड, हातापायांना सुटणारा घाम, पोटातला गोळा, अपुरी झोप अशा शारीरिक रूपांत तो प्रकट होतो. त्यामुळे अनेक रुग्ण आधी हृदयाच्या किंवा पोटाच्या डॉक्टरांकडे जातात. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १८ वर्षांवरील सुमारे १०.६ टक्के लोकांना पाहणीच्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले, आणि निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. घरगुती औषधांची लोकप्रियता या पोकळीतून समजून घ्यावी लागते.

ग्रंथांतील मन

मन आणि शरीर यांचा संबंध भारतीय वैद्यकाला नवा नाही. चरकसंहितेत विषादाची, म्हणजे खिन्नतेची, गणना वातदोषाने होणाऱ्या ८० विकारांत केलेली असून, रोग वाढवणाऱ्या गोष्टींमध्ये विषादाला अग्रस्थान दिलेले आहे. उन्माद या गंभीर मनोविकारासाठी चिकित्सास्थानात स्वतंत्र अध्याय आहे. बुद्धी आणि स्मृती यांना बळ देणाऱ्या द्रव्यांना ‘मेध्य रसायन’ असे नाव देऊन चरकाने मंडूकपर्णीचा रस, ज्येष्ठमधाचे दुधाबरोबर चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क, म्हणजे वाटून केलेला गोळा, अशी चार औषधे सांगितली. परंतु याच ग्रंथात उपचाराचे तीन मार्ग सांगितले असून वनस्पती हा त्यांतील एकाच मार्गाचा भाग आहे, ही गोष्ट बाजारातील बाटल्यांवर छापली जात नाही. ‘दैवव्यपाश्रय’ म्हणजे श्रद्धेवर आधारलेले विधी, ‘युक्तिव्यपाश्रय’ म्हणजे आहार व औषधे यांची योजना, आणि ‘सत्त्वावजय’ म्हणजे मनाला अहितकारक विषयांपासून परावृत्त करणे, असे ते तीन मार्ग होत. यांतील तिसरा मार्ग आजच्या समुपदेशनाच्या बराच जवळ जातो. खिन्न माणसाला नुसते चूर्ण देऊन घरी पाठवणे हे आयुर्वेदाच्या मूळ पद्धतीलाही धरून नाही.

ग्रंथांबाहेरही मन बदलणाऱ्या वनस्पतींचा वापर चालू होता, आणि त्याची एक नोंद वसईच्या इतिहासाशी जोडलेली आहे. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. याच सुलतानाने पोर्तुगीज सेनानी मार्तिम अफोंसो द सोझा याच्याजवळ असे बोलून दाखवले होते की, रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान किंवा अरबस्तानात जाऊन यावेसे वाटले की आपण थोडीशी भांग घेतो. ही हकिकत मार्तिम अफोंसोचा वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या औषधींवरील संवादग्रंथात नोंदवली. भांगेने काळजीचा तात्पुरता विसर पडतो हे त्या काळीही ठाऊक होते. त्याच वनस्पतीच्या नियमित सेवनाने काही लोकांत चिंता वाढते, आणि ज्यांची तशी प्रकृती असते त्यांच्यात भ्रम आणि भास होण्याचा धोका वाढतो, हे पुढच्या संशोधनाने दाखवले.

सर्पगंधेची कथा

ओर्ताच्या ग्रंथात सर्पविषावर वापरल्या जाणाऱ्या मुळांचेही वर्णन आहे आणि त्यांतील एक मूळ सर्पगंधेचे असावे, असे अभ्यासक मानतात. सर्पगंधा हे गुडघ्याएवढे वाढणारे, पांढऱ्या-गुलाबी फुलांचे झुडूप असून कण्हेर आणि सदाफुली ज्या कुळातील आहेत त्याच कुळातील आहे. त्याचे वाकडेतिकडे, अतिशय कडू मूळ बिहारकडे ‘पागल की दवा’ या नावानेच ओळखले जात असे. १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि वाढलेला रक्तदाब या दोहोंवर या मुळाचा उपयोग होतो, असा अहवाल प्रसिद्ध केला. मात्र जगाचे लक्ष गेले ते मुंबईच्या केईएम रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांच्या कामामुळे. रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर सर्पगंधेच्या गोळ्यांचा काय परिणाम होतो, याची पद्धतशीर नोंद करून त्यांनी १९४९ मध्ये तो अभ्यास ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला.

त्यानंतरच्या घटना वेगाने घडल्या. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत मुळातील प्रभावी घटक वेगळा काढून त्याला ‘रेसर्पिन’ हे नाव देण्यात आले. १९५४ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या रॉकलंड मनोरुग्णालयात डॉ. नेथन क्लाइन यांनी तीव्र मनोविकाराच्या रुग्णांवर त्याचा परिणाम नोंदवला. आणि ‘ट्रॅन्क्विलायझर’, म्हणजे शामक औषध, हा शब्द रेसर्पिनच्याच निमित्ताने डॉक्टरांच्या तोंडी रुळला. १९५७ मध्ये वकील आणि क्लाइन या दोघांनाही अमेरिकेचा प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

ही कथा इथेच संपली असती, तर भारतीय वनौषधींच्या गौरवगाथेत एका प्रकरणाची भर पडली असती. परंतु तिचा उत्तरार्ध अधिक बोधप्रद आहे. रक्तदाबासाठी दीर्घकाळ आणि मोठ्या मात्रेत रेसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांमध्ये गंभीर खिन्नता उद्भवल्याची निरीक्षणे १९५४ पासूनच प्रसिद्ध होऊ लागली. क्षुब्ध मनाला शांत करणारे मूळ दुसऱ्या कोणाला निराशेच्या गर्तेत नेऊ शकते, याचे कारण शोधताना असे दिसले की, मेंदूतील पेशी सेरोटोनिन, नॉरॲड्रेनॅलिन आणि डोपामिन ही संदेश पोहोचवणारी रसायने ज्या सूक्ष्म पिशव्यांत साठवतात, त्या पिशव्यांत ती भरण्याची प्रक्रियाच रेसर्पिन बंद पाडते आणि साठा रिता होत जातो. या शोधातूनच, अशा रसायनांच्या कमतरतेमुळे नैराश्य येत असावे हा सिद्धान्त उभा राहिला आणि आजच्या बहुतेक नैराश्यरोधक औषधांच्या विकासाला त्याने दिशा दिली. पुढच्या काळात तो सिद्धान्त अपुरा असल्याचे लक्षात आले, रेसर्पिनमुळे येणाऱ्या खिन्नतेचे प्रमाण पूर्वी समजले गेले तितके नसावे असेही समीक्षकांनी दाखवले, आणि १९५५ मध्ये लंडनमध्ये झालेल्या एका नियंत्रित चाचणीत तर चिंताग्रस्त व खिन्न रुग्णांना त्याच औषधाने बरे वाटल्याचे आढळले होते. एकाच मुळाबद्दलचे हे परस्परविरोधी निष्कर्ष एवढे नक्की सांगतात की, औषधाचा परिणाम कोणाला, किती मात्रेत आणि किती काळ दिले यावर ठरतो. मुळी जंगलातून आली की कारखान्यातून, यावर तो ठरत नाही.

आजच्या औषधींचा पुरावा

सध्या बाजारात सर्वाधिक मागणी अश्वगंधेला आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात ताणाखाली असलेल्या ६४ प्रौढांना ६० दिवस मुळाचा अर्क किंवा त्याच्यासारखीच दिसणारी औषधहीन गोळी देण्यात आली, आणि अर्क घेणाऱ्यांचा ताण अधिक कमी झाल्याचे दिसले. औषधहीन गोळी देण्याचा हेतू असा की, औषध घेतल्याच्या नुसत्या भावनेनेही अनेकांना बरे वाटते आणि खिन्नता व चिंता यांत हा परिणाम विशेष मोठा असतो. तेव्हा त्याहून अधिक गुण आला तरच तो वनस्पतीचा म्हणता येतो. अश्वगंधेच्या अशा चाचण्या पुढेही झाल्या आणि त्यांचा कल अनुकूल आहे, पण त्या लहान आहेत, दोन-तीन महिन्यांपुरत्या आहेत आणि प्रत्येकीतील अर्क वेगळा आहे. शिवाय त्यांतील पुष्कळ चाचण्या ताणाबद्दलच्या आहेत, निदान झालेल्या नैराश्याबद्दलच्या नाहीत. दुसऱ्या बाजूला, अश्वगंधा घेणाऱ्यांत यकृताला सूज आल्याच्या नोंदी निरनिराळ्या देशांतून झाल्या आहेत, थायरॉइडच्या पातळीवर तिचा परिणाम होऊ शकतो आणि गरोदरपणात ती टाळावी असा सल्ला दिला जातो. डेन्मार्कने तर २०२३ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी घातली.

केशराबद्दलच्या चाचण्या मुख्यतः इराणमध्ये झाल्या आणि दिवसाला ३० मिलिग्रॅम केशराने सौम्य ते मध्यम नैराश्यात लक्षणे कमी झाल्याचे त्यांत दिसले. मात्र त्याही लहान होत्या, आणि भेसळीसाठी प्रसिद्ध असलेल्या या महाग मसाल्याची शुद्धता हा वेगळा प्रश्न आहेच. ब्राह्मीचा अभ्यास अधिक झाला तो स्मरणशक्तीसाठी, आणि तिचा परिणाम दिसायला सुमारे १२ आठवडे लागतात. चिंतेवरील पुरावा त्या मानाने तुटपुंजा आहे. जटामांसीबाबत बरेचसे काम उंदरांवर थांबलेले आहे, आणि हिमालयातून बेसुमार उपटल्यामुळे ती वनस्पतीच नष्ट होण्याच्या मार्गावर आहे.

माणसांवरील पुरावा सर्वांत भक्कम आहे तो ‘सेंट जॉन्स वर्ट’ या पिवळ्या फुलांच्या वनस्पतीचा, जी युरोपात मुबलक उगवते आणि हिमालयातही आढळते. २००८ मध्ये ‘कोक्रेन’ या संस्थेने २९ चाचण्यांतील ५,४८९ रुग्णांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा तिचा अर्क औषधहीन गोळीपेक्षा सरस आणि नेहमीच्या नैराश्यरोधक औषधांच्या तोडीचा ठरला. परंतु हीच वनस्पती यकृतातील औषधे पचवणाऱ्या विकरांना, म्हणजे एन्झाइमांना, इतकी चालना देते की गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन, हृदयाचे डिगॉक्सिन आणि अवयवरोपणानंतरची औषधे यांचा प्रभाव कमी पडू लागतो. आणि आधुनिक नैराश्यरोधक गोळ्यांबरोबर ती घेतल्यास सेरोटोनिन धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. सर्वाधिक गुण देणारी वनस्पतीच इतर औषधांशी सर्वाधिक झगडते, यात आश्चर्य काही नाही. शरीरावर तिचा खरा परिणाम होतो, त्याचेच हे दुसरे अंग आहे.

पाने ओळखण्याचा प्रश्न

वनस्पतीचा पुरावा कितीही चांगला असला, तरी हातात आलेली वनस्पती तीच आहे का, हे पाहावेच लागते. महाराष्ट्रात ब्राह्मी म्हणून दोन अगदी वेगळी झाडे दिली जातात. पहिली कारिवणा, म्हणजेच मंडूकपर्णी. तिचे पान रुपयाच्या नाण्याएवढे किंवा थोडे मोठे, मूत्रपिंडाच्या आकाराचे, कडेला बारीक दातेरी असते, लांब देठावर एकेकटे उभे राहते आणि जमिनीवर पसरणारे धावते खोड पेराला पेराला मुळे धरते. दुसरी जलब्राह्मी किंवा नीरब्राह्मी. तिची पाने नखाएवढी, मांसल, बिनदेठाची आणि समोरासमोर जोडीने येणारी असतात, फुले फिकट निळसर-पांढरी असतात आणि चव कडू असते. बावखलाच्या, म्हणजे वसईतील पारंपरिक गोड्या पाण्याच्या तळ्याच्या, काठासारख्या सतत ओलसर जागी या दोन्ही वनस्पती उगवू शकतात. परंतु त्यांतील द्रव्ये निराळी आहेत, आणि एकीवर झालेल्या संशोधनाचा दाखला दुसरीसाठी देता येत नाही. शंखपुष्पीच्या नावाखाली तर देशाच्या निरनिराळ्या भागांत चार वनस्पती वापरल्या जातात आणि त्यांत परसातली गोकर्णही येते. औषधांच्या यादीतील, झोपेसाठी दिली जाणारी तगर ही हिमालयातील मुळी आहे, तर कोकणात देवपूजेसाठी अंगणात लावलेली पांढऱ्या फुलांची तगर सर्पगंधेच्या कुळातली आहे. नावावर विसंबून तिचे मूळ उगाळणे धोक्याचे ठरेल.

शुद्धतेचा प्रश्न याच्याही पुढे जातो. २००४ मध्ये अमेरिकेतील बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये, म्हणजे दर पाचांतील एकात, शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते. त्यामुळे परवाना क्रमांक, घटकांची यादी, उत्पादनाची व मुदत संपण्याची तारीख नसलेली पुडी, मग ती कितीही विश्वासू माणसाने दिलेली असो, घेऊ नये, हा साधा नियम ठरतो. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने वेडासह अनेक आजार बरे करण्याच्या जाहिरातींना मनाई केली आहे. ‘नैराश्य मुळापासून, हमखास’ अशी भाषा दिसली की तेथेच सावध व्हावे.

दोन्ही दारांत सांगावयाची गोष्ट

यावरून वनौषधी टाकाऊ आहेत असा निष्कर्ष निघत नाही. निघतो तो असा की, त्यांना औषधाचा मान द्यायचा असेल तर औषधाची शिस्तही लावली पाहिजे. सौम्य ताण, तात्पुरती बेचैनी, अपुरी झोप अशा तक्रारींत नोंदणीकृत वैद्याच्या सल्ल्याने, मर्यादित काळासाठी, एका वेळी एकच औषधी घेऊन पाहणे आणि चार ते सहा आठवड्यांत गुण आला नाही तर मार्ग बदलणे, हे सयुक्तिक आहे. परंतु काम सुटले, जेवण तुटले, आठवडेच्या आठवडे झोप लागत नाही किंवा जगणे नकोसे झाल्याची भाषा सुरू झाली, तर काढ्याचा प्रयोग करण्यात वेळ घालवणे घातक असते, कारण अशा नैराश्यावर औषधे आणि मानसोपचार यांचा उपयोग सिद्ध झालेला आहे आणि त्या औषधांनाही परिणाम दाखवायला काही आठवडे लागतात. आधीपासून चालू असलेली मानसोपचाराची गोळी चूर्ण सुरू केले म्हणून आपल्याच मनाने बंद करणे हे तर दुहेरी नुकसान आहे.

तालुक्याच्या ठिकाणी तज्ज्ञ सहज न मिळणाऱ्यांसाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘टेली-मानस’ ही सेवा सुरू केली असून १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. आत्महत्येच्या विचारांबाबत हा फोन किंवा जवळचे रुग्णालय हाच पहिला टप्पा असतो, दुसरा नव्हे.

घराघरांत प्रत्यक्षात दोन्ही उपचार बरोबरीने चालतात आणि दोन्ही बाजूंपासून ते लपवले जातात: वैद्यांना रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळीचा पत्ता नसतो आणि डॉक्टरांना अश्वगंधेचा. सर्पगंधेबाबत काय घडते हे डॉ. वकील यांना समजले ते रुग्णांना काय दिले, किती दिले आणि पुढे काय झाले, हे त्यांनी लिहून ठेवले म्हणून. तीच शिस्त घरातही पाळता येते. घेतलेल्या प्रत्येक गोळीची, चूर्णाची आणि काढ्याची तारखेसह नोंद एका कागदावर ठेवून तो कागद वैद्य आणि डॉक्टर या दोघांसमोरही उघडणे, एवढ्याने झाडपाल्याचा अपाय बराचसा टळेल आणि त्याला खरोखर गुण असेल तर तोही दिसून येईल.